तांब्याचं गॅस्केट

लातूरच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानदारानं काउंटरवर तीन गॅस्केटं मांडली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मॅडम, मिस्तरीलाच पाठवून द्या ना." मिस्तरी नांदेडला, गाडी नांदेडला, गाडीचा मालकही नांदेडला. लातुरात फक्त मी. दर शनिवारी कॉलेज सुटलं की एसटी धरायची, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचं आणि रविवारी दुपारी परत फिरायचं. आठ महिने हे चाललं होतं आणि मी खरोखर थकले होते. पन्नाशी उलटलेल्या, मराठी शिकवणाऱ्या बाईवर इंजिनाचे सुटे भाग निवडायची वेळ का आली, हे त्या माणसाला सांगत बसायचंही त्राण नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. लोह्याच्या आसपासची सगळी गावं त्यांनी एका मोटारसायकलवर केली. साडेतीनशे सीसीची, लोखंडी, अवजड गाडी. निवृत्तीनंतर ती फारशी बाहेर निघाली नाही, पण रोज सकाळी अंगणात उभी करून ते एकदा किक मारायचे, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचे आणि मग चहा. आई म्हणायची, देवाआधी गाडीची पूजा.

मागच्या वर्षी त्यांना कावीळ झाली. महिनाभर दवाखान्यात काढून घरी आले ते निम्मे होऊन. तरी आठवड्याभरात गाडीपाशी जाऊन उभे राहिले. किक मारली. गाडी चालू झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. असं पंधरा दिवस चाललं आणि त्यांनी सगळं खापर स्वतःच्या पायावर फोडलं. "जोर गेला माय," एवढंच मला फोनवर म्हणाले. मग अंगणात जाणं बंद केलं. मग ओट्यावर बसणं बंद केलं. शेवटी जेवणाचं ताट पलंगावर जायला लागलं.

दोष पायाचा नव्हताच. गल्लीच्या टोकाच्या मिस्तरीला मी बोलावलं, तर त्यानं दोनदा किक मारून सांगितलं की हेड गॅस्केट गेलंय. इंजिनाचं वरचं डोकं आणि खालचं सिलिंडर यांच्यामध्ये एक चपटी चकती असते. ती जळाली की आतला दाब फुसकन बाहेर जातो आणि गाडी पेटत नाही. एरवी आबांनी हे नुसत्या आवाजावरून ओळखलं असतं. मी सांगितलं तर त्यांना वाटलं, पोरगी समजूत घालतेय. "कर दुरुस्त," ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "माझ्या किकनं लागली तर ठेवू. न्हाईतर विकून टाक. मग मला कुणी ऊठ म्हणायचं न्हाई."

त्यांनी हे असं म्हटलं आणि मला भीती वाटली. रागही आला. माणसानं आपलं उठणं-बसणं एका यंत्रावर टांगून ठेवावं का? पण आबांशी वाद घालून कुणी जिंकलेलं मला तरी आठवत नाही.

पुढच्या शनिवारी मिस्तरीनं हेड खोललं. आतली काजळी चिंधीनं पुसली, पाना खाली ठेवला आणि मला जवळ बोलावलं. "मॅडम, इकडं बघा. ह्यात दोन हायत." एकावर एक बसवलेली तांब्याची दोन गॅस्केटं त्यानं पातळ सुरीनं सोडवली. "कंपनीचं एकच ऱ्हातंय. दोन टाकले की आत जागा वाढती, दाब कमी होतो. किक लई हलकी होती. आमचे अब्बा करायचे असं. बाईमाणसाला गाडी चालवायची असंल तर, न्हाईतर म्हाताऱ्या माणसासाठी."

मी तिथंच त्याच्या लाकडी बाकावर बसले.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा आबांचा उजवा हात मोडला होता. प्लास्टर दीड महिन्याचं, आणि गावोगावी लसीकरण तोंडावर आलेलं. रजा मागायची नाही हा त्यांचा हट्ट. मग गाडी मी चालवायची आणि ते मागं औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसणार, असं ठरलं. मला गाडी चालवता येत होती, पण ती चालू करता येत नव्हती. तीन दिवस मी अंगणात त्या किकवर नाचले. अख्खी गल्ली ओट्यावर येऊन बसायची. किक उलटी बसली की नडगी काळीनिळी व्हायची आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. चौथ्या दिवशी आबांनी गाडी ऑइल बदलायला म्हणून ह्याच मिस्तरीच्या अब्बांकडं पाठवली. पाचव्या दिवशी दुसऱ्याच किकला ती धडधडायला लागली.

मी आबांना विचारलं होतं, "काही केलं का गाडीला?" ते म्हणाले होते, "न्हाई. तुझ्या पायात जोर आला."

हा प्रसंग मी तीसहून जास्त वर्षं सांगत आलेय. वर्गात घाबरून बसलेल्या मुलींना सांगितला, सासरी सांगितला, स्वतःला तर कितीदा. नोकरीच्या मुलाखतीला जाताना, नवरा गेल्यावर बँकेच्या खिडकीत उभी असताना, मी मनातल्या मनात ती किक मारली होती. आणि त्या बाकावर कळलं की जोर तांब्याच्या दुसऱ्या चकतीचा होता. मला फसवल्यासारखं झालं. लाज वाटली. मग आठवलं की त्यानंतर ती गाडी चढावर कायम दमायची, दोन माणसं बसली की रडायची. आबा तिला शिव्या द्यायचे, पण दुसरी चकती त्यांनी कधी काढली नाही. माझं लग्न झाल्यावरही नाही. सुट्टीला आले की मी किक मारायचे, आणि ते ओट्यावरून बघत असायचे.

तर लातूरच्या काउंटरवर तीन गॅस्केटं होती. एक पत्र्याचं, मध्ये काळा थर असलेलं. एक ॲल्युमिनियमचं. एक तांब्याचं. दुकानदार काळ्या थराचंच घ्या म्हणत होता. नांदेडच्या मिस्तरीनंही तेच सुचवलं होतं: एकच घाला, गाडी पूर्वीसारखी पळेल. पण पळवायची कुणाला होती? एका गॅस्केटवर दाब पुरता येणार, आणि तो आबांच्या पायाला झेपणार नाही, हे मला दिसत होतं. एकोणिसाव्या वर्षी माझ्याही पायाला झेपला नव्हता.

"तांब्याची द्या," मी म्हणाले. "दोन."

"दोन कशाला? एक गाडी ना तुमची?"

"एक गाडी. दोन गॅस्केटं."

त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं.

नांदेडला मिस्तरीनं त्या हातात घेतल्या. दोन्ही चकत्या लाल होईतो तापवल्या आणि पाण्यात टाकल्या, म्हणजे तांबं मऊ पडतं आणि नीट बसतं. रविवारी सकाळी गाडी अंगणात आली. आबांना उठवायला मला आणि आईला अर्धा तास लागला. त्यांनी बनियनवर सदरा चढवला, गाडीच्या टाकीला हात लावला, आणि उभं राहून थोडा वेळ नुसता दम घेतला. पहिली किक वाया गेली. दुसरीही. आईनं माझा दंड घट्ट धरला. तिसऱ्या किकला गाडी धडधडायला लागली आणि आई "आगं बाई" म्हणत खालीच बसली.

आबा हँडल धरून उभे होते. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "काय केलं गं गाडीला?"

"काही न्हाई आबा. पायात जोर हाय तुमच्या."

त्यांनी मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकला. एकदा हलकेच रेस दिली, पुन्हा ऐकला. मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं माझ्याकडं झुकून म्हणाले, "दोन्ही तांब्याचीच टाकलीस ना?"

"हाव," मी म्हणाले.