मास्तरांचे हात

मास्तर म्हणून जो लोकांना ठाऊक होता, त्याने आयुष्यात एकाही पोराला शिकवलं नव्हतं. तो बाहुल्यांना मार्क द्यायचा. व्हिडिओ गेममधल्या पात्रांच्या या वीतभर उंचीच्या बाहुल्या. त्यांचे गुडघे, कोपरं, मनगटं सगळं फिरतं आणि मोठी माणसं त्या काचेच्या कपाटात ठेवून पोरांच्या हाताला लागू देत नाहीत. बाजारात नवी बाहुली आली की मास्तर तिचा व्हिडिओ करायचा. रंग कुठे सांडलाय, सांधे घट्ट आहेत की ढिले, चेहरा गेममधल्या बाईसारखा आहे की शेजारणीसारखा, हे सगळं सांगून शेवटी दहापैकी मार्क. साडेसातच्या वर तो कुणाला सहसा जाऊ द्यायचा नाही. एवढा खडूस माणूस, पण त्याच्या खडूसपणावरच लोक जीव टाकायचे.

त्याहून जास्त जीव टाकायचे त्याच्या हातांवर. व्हिडिओत चेहरा दिसायचा नाही. दिसायचे ते पांढरे पातळ मोजे घातलेले दोन हात, बाहुलीचं बोट न् बोट हळुवार फिरवणारे. "मास्तर, काय स्थिर हात आहेत हो तुमचे!" असं खाली कुणी ना कुणी लिहायचंच.

ते हात त्याच्या धाकट्या बहिणीचे होते.

दादा पूर्वी छापखान्यात पानांची मांडणी करायचा. मग त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, जिवाला धोका नाही आणि बरंही व्हायचं नाही. असलं अर्धवट दुखणं फार वाईट, धड रडताही येत नाही. एकदा चार माणसांत त्याच्या हातून चहा सांडला, त्यानंतर तो माणसांत जायचा कमी झाला, आणि कमी होता होता तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरेनासाच झाला. बाहुल्या तेवढ्या उरल्या. त्यांच्याविषयी तो असा बोलायचा की ऐकत राहावं. तेव्हा बहीणच म्हणाली होती, "तू बोल, मी धरते." हे वाक्य तिचं स्वतःचं होतं, त्यामुळे पुढे त्याचा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय राहिली नाही.

ती चष्म्याच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. कामावरून येऊन जेवण, भांडी, आणि सुट्टीचा अख्खा दिवस दादाच्या खोलीत. खिडक्या बंद, मागे काळं कापड, दोन बाजूंनी दोन दिवे. पंख्याचा आवाज रेकॉर्ड होतो म्हणून पंखा बंद. आणि तिचाही आवाज रेकॉर्ड होतो म्हणून तिचं तोंडही बंद. खोकला आला तर गिळायचा. नाक खाजलं तर खाजू द्यायचं, कारण हात मास्तरांचे होते आणि मास्तर मध्येच नाक खाजवत नाहीत. पहिल्या वर्षी दोघं या सोंगावर पोट धरून हसायची. पुढे हसणं बंद झालं, सोंग चालू राहिलं. तेवढ्यात एका भल्या माणसाने तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "सध्या नाही." त्याने बरेच दिवस तिचं सध्या संपायची वाट पाहिली आणि मग दुसरीकडे लग्न केलं.

आणि आता कंपनी दुसऱ्या शहरात शाखा काढत होती. तिथलं सगळं वर्कशॉप तिने सांभाळावं, असं वर्कशॉपच्या मोठ्या बाईंचं म्हणणं होतं. "आठवडाभर विचार करा," बाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर मला दुसरं माणूस बघायला लागेल." तो आठवडा आज संध्याकाळी संपत होता आणि घरात तिने अजून चकार शब्द काढला नव्हता. रोज जेवताना ती सुरुवात करायची, "दादा, ऐक ना." आणि दादा म्हणायचा, "आधी तू ऐक. ती बोटीतून उतरलीय."

ती म्हणजे एका अंतराळातल्या गेममधली, यानातली मेकॅनिक. तो गेम ही दोघं लहानपणी एकाच रिमोटवर खेळलेली. म्हणजे दादा खेळायचा आणि ही शेजारी बसून "मागून आला, मागून आला" ओरडायची. इतक्या वर्षांनी त्या मेकॅनिकची बाहुली निघाली होती. वर्षभर वाट पाहून ती काल घरी आली. आज तिची परीक्षा.

"शिरस्त्राण निघतं, छान बसतं," दादा माइकमध्ये बोलत होता. तो दिव्यांच्या मागे, अंधारात. ती समोरच्या छोट्या पडद्यावर स्वतःचेच हात बघत बसली होती. "चेहऱ्यावर ग्रीसचा डाग आहे, तो हाताने रंगवलेला वाटतो. अर्धा मार्क वाढवून देतो. आता हात बदलून बघू."

बाहुलीबरोबर हातांच्या तीन जोड्या आल्या होत्या. एक मुठी, एक उघडे पंजे, एक पाना धरलेले. मनगटातल्या खुंटीवरून एक हात उपसायचा आणि दुसरा खोचायचा. दादाला हात बदलणं एवढं सोपं वाटतं, असं तिच्या मनात आलं आणि त्याचे थरथरते हात आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात तिच्या खिशात फोन थरथरला.

बाईच असणार. तिच्या पाठीवरून घाम उतरत होता. फोन थांबला, परत सुरू झाला. उठता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, दोन्ही हात उजेडात अडकलेले. तिला एकदम असं वाटलं की हा श्वास आता आत गेला तो बाहेर येणारच नाही. दादा सांगत होता, "उजवं मनगट." तिने ते फिरवलं.

कट् असा बारीक आवाज झाला आणि बाहुलीचा हात तिच्या हातात आला.

या छंदातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं, की नव्या बाहुलीचा सांधा रंगाने चिकटलेला असतो. आधी हेअर ड्रायरने तो ऊन करायचा, मऊ झाला की मग फिरवायचा. थंड सांधा पिळला की खुंटी तुटते. दादा प्रत्येक व्हिडिओत हे घसा फोडून सांगायचा. ड्रायर तिच्या मांडीशीच पडला होता.

दादाने माइक बंद केला. "न तापवता फिरवलंस?" मग म्हणाला, "तू?"

"चुकलं माझं."

"तुझं चुकत नाही. काय झालंय?"

मग तिने सांगितलं. शहर, वर्कशॉप, बाई, आजची संध्याकाळ. सांगताना ती त्या तुटक्या हाताकडेच बघत होती.

"आठवडा झाला आणि आज सांगतेस?"

"कधी सांगू? तोंड उघडलं की तू म्हणतोस आवाज रेकॉर्ड होतो!"

मग दादा म्हणाला, "जा की मग. मी काय दाराला कुलूप लावलंय?"

"आणि हे सगळं कोण करणार?"

"हे?" तो हसला. "अगं, मला या बाहुल्यांचा केव्हाचा कंटाळा आलाय. तुझ्यासाठी चालवलं होतं. तो तुझा माणूस गेला, तू घुमी होऊन बसायला लागलीस. म्हटलं हिला काहीतरी विरंगुळा नको का? मोजे चढवलेस की जरा माणसात यायचीस."

तिला वाटलं होतं, तो अडवेल. रडेल, चिडेल, जेवणार नाही म्हणेल. त्या सगळ्याची उत्तरं तिने आठवडाभर मनात घोटून ठेवली होती.

"म्हणजे मी तुझ्यासाठी आणि तू माझ्यासाठी?" तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं मी इथे खोकले गिळत बसले, ते तू माझी करमणूक करत होतास म्हणून?" ती बाहुली भिंतीवर आपटावी असा राग तिला आला. एवढा राग तिला कधीच कुणाचा आला नव्हता. ती फोन घेऊन जिन्यात गेली.

"बोला," बाई म्हणाल्या.

"बाई, उद्या सांगितलं तर चालेल का?"

हे आपण काय बोललो, ते तिचं तिलाच कळेना.

"घरचे नाही म्हणतात?"

"नाही. घरचे जा म्हणतात."

"मग अडलंय कुठे?"

जिन्याचा कठडा धरून ती उभी राहिली. अडलं होतं कुठे? परकं शहर, एकटीची खोली, हाताखाली दहा तोंडं, उशिरा घरी गेलं तर वाट बघायला कुणी नाही. या सगळ्याची भीती तिला कधीपासून वाटत होती, आणि दादाचं कसं होणार, या एका वाक्याखाली ती सगळी झाकली गेली होती. आता ते पांघरूणच दादाने ओढून घेतलं. नाही म्हणायचं तर स्वतःच्या नावावर म्हणावं लागणार होतं.

"अहो, आहात ना?" बाईंनी विचारलं.

"आहे. येते मी, बाई. पहिल्या तारखेला हजर होते." ती इतक्या मोठ्याने म्हणाली की खालच्या मजल्यावरच्या काकांनी दार उघडून वर बघितलं.

ती परतली तेव्हा दादाने दिवे घालवून खिडकी उघडली होती. साध्या उजेडात तिने आज पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. सकाळपासून तिचे डोळे त्या छोट्या पडद्यावरच होते. दादाने दाढी केली होती, गुळगुळीत. थरथरत्या हाताने केलेली, म्हणून हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं आणि त्यावर कागदाचे कपटे चिकटवलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. ती बटणं लावायला त्याला किती वेळ लागतो ते तिला माहीत होतं. आणि हे सगळं कशासाठी, तर ज्यात त्याचा चेहरा दिसतच नाही अशा व्हिडिओसाठी.

"काय म्हणाल्या बाई?"

"पहिल्या तारखेपासून."

"उत्तम!" तो जरुरीपेक्षा मोठ्याने म्हणाला. "सुटलो एकदाचा."

केसाएवढी हुकलेली रंगाची रेघही तिच्या नजरेतून सुटायची नाही, मग हे कुठलं सुटणार! खरं सांगतोयस ना, हा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला. तो विचारला असता तर ती गेली नसती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. तिने मोजे काढून टेबलावर ठेवले.

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या हनुवटीकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.