‘टिटवी’चं गोडं पाणी

घरातला नळ गळला की प्लंबर येतो. बोटीतला नळ गळला की किस्सा होतो! आमच्याकडे आता ते इतके साठलेत की चहाला आलेल्या माणसाने नुसतं "बोट काय म्हणते?" असं विचारलं, तरी त्याला जेवूनच जावं लागतं.

बोट खरं तर शिरीषची. शिरीष नवीन पनवेलमधला दातांचा डॉक्टर. त्याचे एक म्हातारे पेशंट मुलाकडे पुण्याला निघाले होते. खुर्चीत तोंड उघडून बसलेले असतानाच त्यांनी विचारलं, "माझी शिडाची बोट घेता का?" शिरीष म्हणतो की ते नीट ऐकूच आलं नाही, म्हणून तो "हो" म्हणाला!

तर ती ही ‘टिटवी’. गव्हाणच्या खाडीत नांगरलेली असते. शिरीषच्या जोडीला आम्ही तिघं. रफिकभाई, त्यांचं पनवेलच्या बाजारात नळ आणि बेसिनचं दुकान. मी, फिजिक्सचे क्लास घेते. आणि हिराजीकाका, गव्हाणचे कोळी, जन्म समुद्रावर गेलेला. शीड, दोर, नांगर, वारा हे सगळं काकांचं खातं. बाकी आम्हा तिघांच्या, म्हणजे शिरीष, रफिकभाई आणि माझ्या वाट्याला राहिलं ते पिण्याचं पाणी. एक टाकी, थोडे पाइप, दोन नळ. त्यात काय आहे?

असं आम्हाला वाटलं होतं.

*

पहिल्याच रविवारी शिरीषने बोटीवर चहा केला. आलं, गवती चहा, वेलची, सगळं घालून. आम्ही एकेक घोट घेतला. चहाला रबराची, शेवाळाची आणि कसली तरी तिसरी चव होती. ती तिसरी काय, हे अजून ठरलेलं नाही.

शेवटी रफिकभाईंनी अदबीने कप खाली ठेवला. "डॉक्टर, चहा माशाल्ला फर्स्ट क्लास आहे. फक्त त्यात पाणी घालायला नको होतं."

मग टाकीचं झाकण उघडलं. आत हिरवागार बुळबुळीत थर! शिरीषने बॅगेतून दवाखान्यातला कपाळावरचा दिवा काढला, लांब दांड्याचा आरसा काढला, हातमोजे चढवले आणि टाकीवर वाकला. सवयीने तोंडातून गेलं, "आ करा."

आम्ही हसलो तरी त्याचं लक्ष नाही. ब्रश आत घालून म्हणतो, "दुखलं तर हात वर करा."

रफिकभाई टाकीचं जड झाकण धरून उभे होते. ते नेमकं तेव्हाच घसरलं आणि त्यांचं बोट चेमटलं. त्यांनी इमानदारीत हात वर केला!

*

टाकी चकाचक झाली. आता पाइप. रफिकभाई म्हणाले, "ही लाइन माझ्यावर सोडा." दुकानातून बिल्डिंगला घालतात ते कडक पाइप आणले आणि टाकीपासून नळापर्यंत अशी सरळ, देखणी लाइन टाकली की बघत राहावं. प्रत्येक वळणावर एल्बो, प्रत्येक एल्बोला क्लॅम्प. "ताई, पळस्प्याला आख्ख्या सोसायटीत हाच पाइप टाकलाय. आजपर्यंत एक थेंब नाही."

आम्ही शीड चढवून बाहेर पडलो. वारा झकास होता. शिडाची बोट वाऱ्याला लागली की एका अंगावर कलते, तशी ‘टिटवी’ छान कलली. आणि खालून आवाज आला, कट्ट! मग दुसरा, कट्ट! पाठोपाठ कारंजं.

शिरीषने ओरडून विचारलं, "भाई, सोसायटीत नाही असं होत?"

रफिकभाई भिजलेला चष्मा पुसत म्हणाले, "डॉक्टर, सोसायटी कधी एवढी वाकत नाही. आणि वाकलीच, तर लोक पाइपची कम्प्लेंट करायला थांबत नाहीत!"

*

मग लवचीक पाइप आले आणि त्यांच्याबरोबर आला ऑटोमॅटिक पंप. नळ सोडला की घुर्र करून चालू, नळ बंद केला की गप्प. म्हणजे नळ बंद असताना तो चालू झाला, तर लाइनमध्ये कुठे तरी गळती आहे.

एका दुपारी नांगर टाकून बसलो होतो. दोन्ही नळ बंद. आणि पंप, घुर्र! थोडा वेळ शांत. परत घुर्र!

आम्ही तिघंही खाली उतरलो. मी प्रेशरवर छोटंसं लेक्चर दिलं. शिरीषने प्रत्येक जॉइंटखाली टिश्यू पेपर धरला, कारण पाझर डोळ्यांना दिसला नाही तरी कागदाला कळतो. रफिकभाई फळ्या उचलून पालथे झोपले. सगळे कागद कोरडे! आणि डोक्याशी पंप चालूच, घुर्र, घुर्र. रफिकभाईंनी पंपच बदलायला काढला, मी पंप निर्दोष आहे हे सिद्ध करायला लागले, आणि शिरीष दोघांना कागद दाखवत सुटला.

एवढ्यात वरून हिराजीकाकांनी डोकावलं. "काय शोधताव रं तुमी?"

"काका, लीक शोधतोय. कुठेतरी पाणी जातंय."

"शोधा शोधा. दमानं शोधा," काका म्हणाले. "तवर माजं बोयटं धुवून होतील."

बोटीच्या मागच्या टोकाला पाय धुवायला आम्हीच एक छोटा शॉवर बसवला होता. त्याच्याखाली बसून काका मघापासून मासे साफ करत होते!

*

शिरीषचे सासरे एकदा आले होते. उकाडा मरणाचा. आल्या आल्या ते म्हणाले, "पाणी मिळेल का?"

हिराजीकाका अभिमानाने म्हणाले, "मिलेल ना! टाकीभर गोडं पानी हाय."

सासरेबुवांचा चेहरा पडला. ते हळूच माझ्या कानाशी आले. "अहो, मला डायबिटीस आहे. साधं नाही का?"

*

आता डिझेलचा किस्सा. हा सांगताना शिरीष नेहमी काही तरी आणायला आत जातो.

बोटीच्या डेकवर दोन गोल झाकणं आहेत. एक पाण्याच्या टाकीचं, एक इंजिनाच्या डिझेलचं. दोन्ही सारखीच. आम्ही मांडव्याच्या पुढे नांगर टाकला होता, रफिकभाईंची बायको आणि सून पहिल्यांदाच बोटीवर आलेल्या. टाकी संपत आली होती म्हणून शिरीषने कॅन उचलला आणि गाणं गुणगुणत पाणी ओतायला घेतलं. कॅन संपत आला तेव्हा मी विचारलं, "डिझेलचा वास कुठून येतोय?"

गाणं थांबलं.

इंजिन चालू करायचा प्रश्नच उरला नाही. डिझेलच्या टाकीत कॅनभर पिण्याचं पाणी! तेही फिल्टर केलेलं! रफिकभाईंच्या सुनेने घाबरून विचारलं, "आता घरी कसं जायचं?" शिरीषचा चेहरा पांढराफटक. मला कुठलाच फॉर्म्युला आठवेना.

हिराजीकाकांनी मात्र आधी वर शिडाकडे बघितलं, मग पाण्याकडे. "इंजिन नव्हतं तवा आमचा बा घरी येत नव्हता काय? भरती लागूं दे."

भरती लागली. काकांनी दोन्ही शिडं चढवली आणि सुकाणू धरलं. इंजिनाची धडधड नाही, नुसता पाण्याचा सळसळ आवाज. मोठमोठ्या मालवाहू जहाजांना लांबून वळसा घालत काकांनी ‘टिटवी’ला अशी आणली, जशी कुणी लहान पोर रस्ता ओलांडून आणावी. खाडीच्या तोंडाशी ऊन तिरपं झालं तेव्हा घाबरलेली ती सून गाणं म्हणायला लागली होती. आमच्या सगळ्या ट्रिपांमधली सगळ्यात सुंदर ट्रिप ती.

नांगर पडल्यावर शिरीष काकांसमोर हात जोडून उभा राहिला. काका दोर गुंडाळत म्हणाले, "डाक्टर, रोज लोकांच्या तोंडान हात घालतंस. बोटीचं तोंड नाय वलखलं?"

*

या वर्षी मात्र सगळं झालं. नवी टाकी, नवे पाइप, नवा फिल्टर. झाकणं आता एक निळं, एक लाल. खाली ओट्यावर एक चकचकीत स्टीलचा नळ, रफिकभाईंच्या दुकानातला सगळ्यात भारी. त्यांनीच ठरवलं, "उद्घाटन करायचं!"

हिराजीकाकांनी त्या दिवशी जानकीकाकूंना, त्यांच्या बायकोला, बरोबर आणलं. हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर. आमच्या ओळखीला इतकी वर्षं झाली, पण काकू बोटीवर पहिल्यांदाच येत होत्या. बोटीवर म्हणजे कुठल्याच बोटीवर. काका मासेमारीला जायचे तेव्हा होडीवरचं पिण्याचं पाणी काकूच भरायच्या. गावातल्या विहिरीवरून डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि ओहोटी असली तर गुडघाभर चिखलातून होडीपर्यंत. पाणी चढवायचं आणि मागे फिरायचं. बायकांनी होडीत पाय ठेवायचा नाही, अशी रीत.

नारळ फुटला. शिरीषने भाषण केलं, ते कुणी ऐकलं नाही. मग मी म्हटलं, "काकू, पहिला नळ तुम्ही सोडा."

काकू खाली उतरल्या. नळ फिरवला. पंप घुरघुरला आणि पाण्याची मोठी, स्वच्छ धार लागली. काकूंनी नळ बंद केला. परत सोडला. परत बंद केला. धारेखाली बोट धरलं, ते चाटून बघितलं.

"नुसतं हितं उभं ऱ्हायाचं आनि पानी येतं?"

"हो काकू."

"हंडा नाय?"

"नाही."

"उचलाचं नाय?"

"काहीच नाही."

काकू वर आल्या. सुकाणूपाशी काकांची रोजची जागा आहे, तिथे जाऊन बसल्या. पदर नीट केला. दोन्ही पाय समोर लांब पसरले. समुद्राकडे बघितलं. लग्न झाल्यापासून त्यांनी काकांना "अवो" खेरीज हाक मारलेली नव्हती. आता त्यांनी अशी हाक दिली की शेजारच्या होड्यांवरची माणसंसुद्धा वळली.

"हिराजी! पानी आन!"

रफिकभाईंच्या हातातलं खोबरं हातातच राहिलं.

काकांनी बायकोकडे बघितलं. मग मुकाट्याने खाली उतरले. पंप घुर्र झाला. काका दोन्ही हातांत ग्लास धरून, एक थेंब सांडू न देता वर आले.

काकू ते पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. पदराने ओठ टिपले. रिकामा ग्लास काकांच्या पुढे धरला आणि म्हणाल्या,

"आनखी येक."