मी वापीत नव्हतो

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलींजवळ नाही, आणि ज्याच्याशी बोलायला हवं होतं त्याच्याशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हासुद्धा भित्रेपणाच का? असेल.

वय पंचाहत्तर. डोंबिवलीत कोपरला राहतो. माझी उमेदीची सतरा वर्षं माजिवड्याच्या एका कारखान्यात गेली. प्रेस मशीनवर पत्र्याचे भाग ठोकून काढायचं काम. एक्क्याऐंशी साली वसंत आणि मी एकाच आठवड्यात तिथं लागलो. तो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. घरची होडी भावाकडे सोपवून आलेला. पुढं मी फोरमन झालो, तो प्रेसवरच राहिला, पण आमचं अरे-तुरे तसंच राहिलं. जेवणाच्या सुट्टीत तो चारचौघांत विचारायचा, "काय फोरमन, आज परत दोडका? वहिनींचं काय बिघडवलंस रे?" आणि त्याच्या डब्यातला बोंबील माझ्या झाकणात पडायचा. हे आधी सांगतोय, कारण पुढचं वाचताना तुम्ही त्याला नुसता एक कामगार समजू नये.

नव्वदीचं दशक सरत आलेलं. मी आखातातल्या नोकरीच्या मागे होतो. एजंटचा निरोप चुकू नये म्हणून मोबाइल घेतला. आमच्या कारखान्यातला पहिलाच. वसंतने त्याचा नंबर लॉकरच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवला. म्हणाला, "मोठा माणूस झालास. उद्या ओळख दाखवशील ना?"

त्याच पावसाळ्यात त्याचा हात प्रेसमध्ये गेला. उजवा. तीन बोटं. प्रेसला एक गार्ड असतो — हात आत जाऊ नये म्हणून पुढं बसवलेली लोखंडी जाळी. त्या दिवशी तो गार्ड काढलेला होता. 'काढलेला होता' — पुढं कितीतरी वर्षं मी मनातसुद्धा हे असंच म्हणत आलो. कुणी काढला, कुणाच्या सांगण्यावरून? थांबा. येतो तिथवर.

अपघातानंतर पंधरा दिवसांत माझा मस्कतचा व्हिसा आला. परदेशी जाणाऱ्याने विमानात बसेपर्यंत तोंड उघडायचं नाही, दृष्ट लागते — तेव्हा आमच्याकडे सगळे असंच करायचे. मीही कारखान्यात सांगितलं, वापीला नोकरी लागली. पण लोक पोचल्यावर तरी खरं सांगतात. मी पोचल्यावरही सांगितलं नाही. बायकोला म्हटलं, अजून पक्कं व्हायचंय, कुणी विचारलं तर वापीच सांग. तिला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं?

खरं कारण निराळं होतं. वसंतने हलगर्जीपणा केला, स्वतःच गार्ड काढला, असं म्हणून कंपनीने त्याची चौकशी लावली होती. ठरलं तर नोकरी जाणार, वर सगळा दोष त्याच्याच माथी. बाकीच्यांना आपापल्या नोकरीची भीती. त्याच्या बाजूने बोलू शकेल असा माणूस एकच होता. मी.

मोबाइल मी सोबत नेला होता. तोच नंबर, बाहेरदेशी चालेल अशी सोय करून. उचलला की महाग पडायचा, म्हणून बायकोशी ठरलेलं — दोनदा वाजवून ठेवायचा, मग मी बूथवरून करायचा. वसंतला हे कुठं ठाऊक? त्याचा फोन वाजतच राहायचा. मी उचलायचो. उचलला नसता तर संशय आला असता ना!

"फोरमन, तुझ्या फोनची घंटी हल्ली वेगळीच वाजते रे."

"गुजरातची लाइन आहे," मी म्हणालो.

"पाऊस काय म्हणतो तिकडे?"

बाहेर नुसतं ऊन होतं. रेतीवर नजर ठरत नव्हती. "धो धो चाललाय," मी म्हणालो. मग पुढच्या गुरुवारी येतो म्हणालो. त्यानंतरच्या गुरुवारीही तेच. वापी म्हणजे गाडीने काही तासांची वाट. तो माझ्यासाठी चौकशीची तारीख पुढं ढकलून घेत राहिला. "माझा साक्षीदार बाहेरगावी कामावर आहे, माणूस शब्दाचा आहे," असं त्यांना सांगितलं, हे त्यानेच मला सांगितलं. फोनवर. आनंदाने.

इथवरचं एवढंच असतं, तर मी म्हणू शकलो असतो की लांब होतो, जमलं नाही. पण तसं झालं नाही.

एका दुपारी फोन आला तो चौकशीच्या खोलीतूनच. वसंतने गयावया केली असणार. चौकशी करणारे वकील म्हणाले, ठीक आहे, फोनवर विचारतो. त्यांनी नाव विचारलं, हुद्दा विचारला. मग सरळच — "प्रेसचा गार्ड काढायला तुम्ही सांगितलं होतं का?"

एक शब्द पुरला असता. मस्कत काय, वापी काय, त्या एका शब्दाला अंतर आड येत नव्हतं. मला डोळ्यांपुढं पासपोर्ट दिसला, फॅक्टरी इन्स्पेक्टर दिसला, परतीचं विमान दिसलं.

"नाही," मी म्हणालो. "मला त्यातलं काही माहीत नाही."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. वसंतचा आवाज आला, अगदी हळू — "अरे, मी इथंच उभा आहे."

मी फोन बंद केला. त्याने केला नाही, मी केला.

त्याची नोकरी गेली. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. सहा वर्षांनी मी कायमचा परत आलो, कोपरला घर घेतलं. कोळीवाडा तिथून फार लांब नाही. गेलो नाही.

गेलो तो दोन वर्षांपूर्वी, वसंत वारल्याचं कळल्यावर. घरात त्याची बायको एका कोपऱ्यात बसली होती. मुलीने चहा आणला. म्हणाली, "काका, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, गार्ड फोरमनने काढायला लावलेला. आईला नाही पटायचं. ती बाबांनाच म्हणायची, गजाभाऊ कशाला खोटं बोलतील? तुम्हीच हात घालून बसलात आणि आता त्यांच्यावर ढकलताय. यावरून आमच्याकडे किती भांडणं झालेली, काय सांगू."

आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईनेही मान वर केली.

मी काय केलं असेल? चहा प्यायलो. "जुन्या गोष्टी आहेत, पोरी," एवढं म्हणालो आणि निघालो.

हे लिहून झालं की त्या घरी देऊन येणार आहे. त्यांनी त्याचं काय करावं हे सांगायचा मला अधिकार नाही.

शनिवार होता. माल संध्याकाळपर्यंत जायचा होता आणि गार्ड लावून हात चालत नव्हता. गार्ड काढ, असं वसंतला मी सांगितलं. तो म्हणाला, "नको रे, हात जाईल." मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा नको म्हणाला. तेव्हा मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "भीती वाटत असेल तर जा घरी होडी वल्हवायला, इथं दुसरा उभा करतो."

मग त्याने पाना उचलला.