मुदतीवर दिलेली वेबसाइट

रोह्याच्या वाचनालयातून पुस्तक नेऊन ते मुदतीत परत न करणारी माणसं रोह्यात फार काळ सुखाने राहू शकत नाहीत. याचं कारण विमलताई टिपणीस, वाचनालयाच्या ग्रंथपाल. अंगाने किरकोळ, आवाजाने भरभक्कम. वय विचारायची कुणाची छाती नाही. चष्म्याच्या वरून त्यांनी नुसतं बघितलं, तरी समोरच्या निरपराध माणसाला आपण कधीतरी एखादं पान फाडलं असावं असं वाटू लागतं.

त्यांचा धर्म साधा होता. एक पुस्तक एका वेळी एकाच वाचकाकडे. मुदत संपेपर्यंत ते त्याचंच, मग मागायला खुद्द अध्यक्ष का येईनात. आणि नक्कल म्हणजे चोरी. जवळच्या वरसे गावी नव्या सोसायटीत राहायला गेलेल्या एका डॉक्टरांनी एक अख्खी कादंबरी झेरॉक्स करून ठेवली, तेव्हा विमलताई रिक्षा करून त्यांच्या दवाखान्यात गेल्या आणि पेशंटांच्या देखत म्हणाल्या, "लेखकाने वर्षभर लिहायचं आणि तुम्ही त्याला मशीनवर पालथं घालून साल काढायची होय?" डॉक्टरांनी झेरॉक्सचा गठ्ठा मुकाट्याने काढून दिला. म्हणतात, त्या दिवशी दोन पेशंट औषध न घेताच बरे झाले.

अशा या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदींसाठी एक फुकटातलं पण चांगलं सॉफ्टवेअर आलं. ते विमलताईंनी पोटच्या पोरासारखं सांभाळलं. पंचाईत एकच होती. काही अडलं की वाचायची मदत इंटरनेटवर, कुठल्याशा परदेशातल्या साइटवर. आणि वाचनालयाच्या गल्लीतलं इंटरनेट म्हणजे जावई. आलं तर आलं. रस्ता खणणारे आधी केबल शोधून तोडायचे आणि मग कशासाठी खणतोय ते विसरायचे.

"पोथी परदेशात आणि पूजा रोह्यात? चालायचं नाही," विमलताईंनी फर्मान काढलं. "ती साइट घरी आणा."

आणणार कोण? बहिणीचा मुलगा अद्वय, बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दिवाळीला आला, तो फराळाऐवजी मावशीच्या तावडीत सापडला. वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर पडून होता. अद्वयने त्या सॉफ्टवेअरची मदतीची सगळी साइट उतरवून त्याच्यावर ठेवली.

"मावशी, आता हा कोपऱ्यातला खोका ती साइट चालवणार. टेबलावरचे दोन्ही कॉम्प्युटर वायरीने त्याला जोडलेत. बाहेरचं नेट मेलं तरी तुझी साइट जिवंत."

"म्हणजे ग्रंथ घरात आला."

"साइट, मावशी."

"पानं आहेत ना? अनुक्रमणिका आहे ना? लिहिणारे आहेत ना? मग ग्रंथच."

विमलताईंनी दाखल नोंदवहीत 'अद्वयकडून भेट' अशी नोंद केली, खोक्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि धूळ बसू नये म्हणून त्याला लाल खादीचं झबलं शिवलं. रोज दुपारच्या चहाबरोबर त्या साइटची दोन पानं वाचायच्या, अगदी पहिल्या पानापासून क्रमाने. मधलंच प्रकरण उघडणं हा लेखकाचा अपमान, असं त्यांचं मत होतं.

त्यांचं वाचन जेमतेम चौथ्या प्रकरणात पोचलं असेल, तोच पेणहून पोपट म्हात्र्यांचा फोन आला. पोपट पेणच्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल. राहायला जिते गावात, हसणं मात्र पार कासू गावापर्यंत ऐकू जाणारं. त्यांच्याकडेही तेच सॉफ्टवेअर.

"ताय, घात झाला! माझे सगले सभासद मेले!"

"काय?"

"म्हंजे कॉम्प्युटरवर. कोनचाबी नाव टाका, ह्यो बोलतो मुदत संपली. काल पाटलांचा आजोबा समोर उभा, आन ह्यो त्याच्या तोंडावर बोलतो, संपला. म्हातारा रडकुंडीला आला ना! नेट तर आमचंबी मेलंय. ती मदतीची साइट तुमच्या घरात हाय म्हनं?"

"आहे. कार्ड भर आणि घेऊन जा. पंधरा दिवसांची मुदत."

पोपट टेम्पो घेऊन आले. बघतात तर विमलताईंनी लाल झबल्यासकट अख्खा खोका सुतळीने बांधून ठेवलेला.

"ताय, नुसतं आतलं दिलं असतं तरी चाललं असतं."

"आतलं म्हणजे? पुस्तक देताना मी पुठ्ठा काढून ठेवते का?"

पोपट खोका उचलून टेम्पोत चढले. नागोठणं, गडब ही गावं मागे टाकत खोका त्यांच्या मांडीवर बसून पेणला पोचला.

दोन-चार दिवसांत अध्यक्ष मोकाशी सर वाचनालयात आले. विष्णू मोकाशी, निवृत्त मुख्याध्यापक. कानात यंत्र, हातात छत्री, आणि वाईट बातमी नेहमी दुसऱ्याच्या नावावर सांगायची सवय.

"विमलताई, काही जणांचं असं मत आहे, की कॉम्प्युटरचं काम पनवेलच्या एका एजन्सीकडे द्यावं. तुम्हालाही आराम."

"मी कुणाकडे आराम मागितला?"

"काही जण म्हणतात, यातलं आता तुम्हाला झेपेलच असं नाही."

'काही जण' म्हणजे खुद्द मोकाशी सर, हे रोह्याच्या कुंडलिकेतल्या माशांनाही ठाऊक होतं.

"रविवारी सभा आहे," सर म्हणाले. "एजन्सीचा माणूस येईल, तो दाखवेल. तुम्हीही दाखवा. बाहेर गेलेल्या पुस्तकासाठी वाचकांना नंबर लावता यावा, अशी मागणी आहे. जो ते करून दाखवेल त्याच्याकडे काम."

काम गेलं, तर सभासद, नोंदी, देवघेव सगळं पनवेलच्या हाती जाणार आणि विमलताईंच्या हाती फडकं येणार. "रविवारी बघा," त्या ताठ मानेने म्हणाल्या. सर गेल्यावर कोपऱ्याकडे वळल्या, तर तिथे टेबलावर नुसता खोक्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन! नंबर लावायचं प्रकरण त्यांनी वाचलेलं नव्हतं. नेट मेलेलं होतं. आणि ग्रंथ पेणला.

पोपटला एक फोन केला असता तर खोका संध्याकाळी परत आला असता. पण मुदत बाकी होती. बाहेर गेलेलं पुस्तक मुदतीआधी मागणाऱ्यांना आयुष्यभर ज्या बाईने दारातून परत पाठवलं, ती आता स्वतः मागणार? विमलताईंनी फोन केला तो अद्वयला.

"मावशी, तू सर्व्हरच, अख्खा खोकाच पाठवलास? अगं, कॉपी द्यायची!"

"अद्वय! टिपणिसांचा भाचा असून चोरी शिकवतोस?"

"चोरी कसली? मी तुला जी साइट दिली, तीही कॉपीच आहे."

विमलताईंनी दाखल नोंदवही उघडली. म्हणजे चोरीचा माल! त्यांच्या नोंदवहीत, त्यांच्या नंबराने, त्यांनी शिवलेलं झबलं घालून!

"मावशी, ऐक. लिहिणाऱ्यांनीच सांगितलंय, खुशाल कॉपी करा म्हणून. शेवटच्या पानावर आहे."

"तू म्हणतोस ते तुझं पाठांतर. मला छापील दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने विमलताई पेणला उतरल्या. पोपट दारातच होते. "या या! जप्तीला आल्या काय?"

"मुदत बाकी आहे. मी वाचायला आलेय."

असा दिवस पोपटच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. त्यांनी खुर्चीत सरसावून बसत वही पुढे केली. "बाहेरच्या वाचकानं हितं सही करायची. चप्पल भायेर. आन वाचताना बोलायचं नाय."

विमलताईंनी सही केली. चप्पल काढली. आत गेल्या आणि थबकल्या.

मधल्या टेबलावर लाल झबल्यातला खोका बसला होता. एका कॉम्प्युटरवर पोपटची मदतनीस राणी तीच साइट वाचत होती. दुसऱ्यावर गडबच्या शाळेचे मास्तर. एक कॉलेजची मुलगी तर मोबाइलवर, कारण पोपटने खोका वायफायला जोडून दिला होता.

"तिघं? एकाच वेळी?"

"तीस आले तरी चालतं, ताय. कोनी कोनाची वाट बघत नाय. माझे मेलेले सभासद पन उठून बसले."

विमलताई परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारख्या तिघांच्या मागून फिरल्या. तिघांसमोर तंतोतंत तेच पान. कुणाच्या वाचण्याने ते झिजत नव्हतं, कोपरा दुमडत नव्हता, हळदीचं बोट लागत नव्हतं. एका दिवाळी अंकावरून दोन सभ्य गृहस्थ हातघाईवर आलेले त्यांनी पाहिले होते. इथे सगळे गप्प, आणि सगळ्यांना सगळं मिळत होतं.

मग त्यांनी जन्मात प्रथमच मधली प्रकरणं सोडून शेवटचं पान उघडलं. इंग्रजीत होतं, पण स्वच्छ होतं: हे लिखाण कुणीही उतरवून घ्यावं, वाटावं, हवं तर सुधारावं. लिहिणाऱ्यांची नावं मात्र राहू द्यावीत, आणि पुढच्यालाही हीच मुभा द्यावी.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "पोपट, खाली शे-दीडशे लेखकांची नावं आहेत."

"बरं मग?"

"एकानेही स्वतःचा फोटो छापलेला नाही रे."

मराठी लेखकांबरोबर उभा जन्म काढलेल्या बाईला याहून मोठा पुरावा नको होता. अद्वयला फोन लावून, तो सांगेल तशी त्यांनी स्वतःच्या हाताने साइट पेन ड्राइव्हवर उतरवली. पडद्यावरची पट्टी भरत होती तेवढा वेळ त्या दाराकडे नजर ठेवून बसल्या होत्या, दरोड्यात सामील झालेल्या कुलीन बाईसारख्या.

"ताय, मी कोनाला सांगनार नाय," पोपट कुजबुजले.

"सांग ना! गावभर सांग! परवानगी आहे!"

रोह्याला परतल्यावर पुन्हा अद्वयला फोनवर धरून, त्यांनी ती साइट आपल्या टेबलावरच्याच कॉम्प्युटरवर चालू केली. खोका बिचारा पेणलाच राहिला. त्याची मुदत बाकी होती.

रविवारी सभा भरली. एजन्सीचा मितेश नावाचा तरुण गोड बोलणारा होता. रंगीत चित्रं दाखवत त्याने सगळ्यांना खूश केलं. मग सदस्य गिरजाबाईंनी विचारलं, "आणि नंबर कसा लावायचा ते?"

"होतं ते, मावशी. ऑफिसला विचारून करून देतो." मितेशने फोन काढला. त्याच्या सिमला रेंज नव्हती. तो खिडकीत गेला, मग व्हरांड्यात गेला.

"विमलताई, तुम्हाला येतं?" मोकाशी सरांनी विचारलं.

"नाही."

सरांच्या ओठांवर किंचित हसू आलं.

"पण वाचता येतं," असं म्हणून विमलताईंनी साइट उघडली, अनुक्रमणिकेत प्रकरण शोधलं आणि एकेक वाक्य मोठ्याने मराठीत सांगत, सांगितलं तसं करत गेल्या. एकदा चुकल्या. मागे गेल्या, पुन्हा वाचलं. आणि पडद्यावर गिरजाबाईंचं नाव उमटलं: नंबर पहिला. गिरजाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"पण हे तुम्हाला पाठ नाही," सर म्हणाले.

"सर, पाठ करावं ज्याच्या घरी ग्रंथ नाही त्याने. माझ्या घरी आहे."

सर खोचक असले तरी मुख्याध्यापक होते. बरोबर आलेल्या उत्तराला मार्क द्यायचे, एवढं इमान त्यांनी कधी सोडलं नव्हतं. "काही जणांचं मत बदललंय," ते म्हणाले. "काम इथेच राहू दे."

व्हरांड्यातून परत आलेला मितेश मात्र पडद्यापाशीच रेंगाळला. "मॅडम, कोलाडकडच्या एका वाचनालयाचं काम आमच्याकडे आहे. तिथेही नेट नसतं. मला ही साइट मिळेल?"

"उद्या सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन ये."

"परत कधी करायची?"

"नको करूस परत," विमलताई म्हणाल्या.

मोकाशी सरांनी कानातलं यंत्र काढलं, झब्ब्याला पुसलं आणि पुन्हा घालून विचारलं, "काय म्हणाल्या?"