आईसाठी बांधलेली विहीर

नव्वदच्या दशकात आमच्या मुरबाडकडच्या गावात चौदा एप्रिलच्या जयंतीला समाजमंदिरापुढं नाटक व्हायचं. पाणवठ्यावर आमच्या माणसांना पाणी नाकारल्याचा प्रसंग आला की बायका पदर डोळ्यांना लावायच्या, मग टाळ्या, मग जेवणाच्या पंगती. मी त्यात काम करायचे आणि दरवर्षी चिडायचे. अरे, रडलात, टाळ्या पिटल्यात, जेवलात, झालं?

पुढं मुंबईत नाटकाचं शिकले. तिथं डोक्यात किडा शिरला की प्रेक्षकाला खुर्चीच द्यायची नाही, त्यालाच पात्र करायचं. दोन हजारनंतरच्या एका जयंतीला शहापुरात एका शाळेचा पत्र्याचा हॉल मिळवला आणि बांबू, गोणपाट, शेणमातीची विहीर उभी केली. शहरात याला मांडणशिल्प म्हणतात. आमच्याकडचे म्हणाले, "देखावा काय गो? गणपतीला अजून टाइम हाय."

देखावा कसला! नाटकाचा साधा नियम मी तिथं लावला होता. पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते दुसऱ्याच्या हातात असलं पाहिजे. म्हणून एप्रिलच्या उन्हात लोकांना लांबचा वळसा घालून पत्र्याखाली आणायचं, बाहेर माठ ठेवायचा नाही. दारात चिठ्ठी. लाल आली तर शिडीनं चढून कठड्यावर तांब्या घेऊन उभं राहायचं, पांढरी आली तर खाली बसून ओंजळ धरायची. वरच्यानं ओतलं तर पाणी, नाहीतर बसा तसेच.

पोरं हसत खिदळत बसायची. वरचा दोस्त जरा जास्तच थांबला की हसू जायचं. ते बघून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण हा सगळा खटाटोप आईसाठी होता. आमच्या लोकांना शिवू देत नसत त्या गावच्या विहिरीवर लहानपणी तिनं अशीच ओंजळ धरली होती. हे मला मावशीनं सांगितलं. आईकडे विषय काढला की "झालं ते झालं" म्हणून ती भांडी आपटायची. मला तिला एकदा, एकदाच, वर उभं केलेलं बघायचं होतं. तांब्या तिच्या हातात बघायचा होता. म्हणून एक लाल चिठ्ठी मी मुठीतच धरून ठेवली होती.

ती आली, चिठ्ठी घेतली आणि वर चढली. खाली तेव्हा कुणी नव्हतं आणि पुढच्या माणसाची वाट बघायला मला धीर नव्हता. मीच जाऊन उकिडवी बसले, मनगटं जुळवली, ओंजळ तोंडाशी नेली, मान खाली घातली.

पाणी येईना.

"ओत ना, आई."

"ऊठ."

"अगं, ओत तर खरी..."

"ऊठ गो! ऊठ आधी तिथून!"

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर पाहिलं तर तांब्या कलंडला होता आणि पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं.

"माझी आय अशीच बसायची," ती म्हणाली. "आधी तिच्या ओंजळीतलं मला पाजायची, आन् मंग..."

धडपडत ती खाली उतरली, माझ्याशेजारी मातीत बसली, उरलंसुरलं पाणी तांब्यासकट माझ्या हातात दिलं. "पी," म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. सकाळपासून माझ्या घशाला कोरड पडली होती, तरी मला एक घोट गिळवेना.