चाचांच्या भिंतीतला खिळा

हर्सूलला आम्ही ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, ते घरमालक जुने गवंडी आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. हे घर त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलंय. येता-जाता ते भिंतीवरून तळवा फिरवतात आणि गिलाव्याला बारीक चीर दिसली की स्वतःवरच चिडतात.

वैजापूरहून बदली होऊन आलो तेव्हा चार ठिकाणी आमचं आडनाव ऐकल्यावर "खोल्या कालच दिल्या" असं उत्तर मिळालं होतं. बायको वैतागून म्हणाली होती, "कर्ज काढू, पण स्वतःचा फ्लॅट घेऊ." चाचांनी मात्र आडनाव विचारलंच नाही. "माणसं किती? पाणी आठवड्याला येतं, टाकी एकच हाय," एवढं बोलले आणि बजावलं, "भिंतीत खिळा नाय ठोकायचा."

म्हणून आमची बुद्धाची तसबीर महिनाभर कपाटावर टेकवलेली होती. परवा नळ बघायला वर आले तेव्हा चाचांना ती दिसली. नळ तसाच सोडून ते तडक खाली गेले. आता पुन्हा घर शोधायचं, असंच आम्हा दोघांना वाटलं.

ते हातोडी आणि खिळा घेऊन परतले.

"असं कपाटावर ठेवतेत व्हय? तुम तो पढे-लिखे लोग!"

बैठकीच्या खोलीत मधोमध, त्या गुळगुळीत भिंतीत त्यांनी खिळा ठोकला. मागं सरकून तसबीर सरळ लागली का ते तीनदा पाहिलं आणि खाली पडलेली भुकटी स्वतःच गोळा केली.

ते गेल्यावर बायको तसबिरीसमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "फ्लॅटची काही घाई नाही आता."