गिलासभाऊ

पांढुर्ण्यात कुणाच्या घरी एसी गळायला लागला की गिलासभाऊला बोलावतात, आणि तो आला की घरातली शहाणी माणसं काहीतरी निमित्त काढून बाहेर सटकतात. दारात चपला काढतानाच तो गिलासभर पाणी मागतो. ते पिण्यासाठी नसतं. एखादी नवी सून अदबीनं लिंबाचं सरबत घेऊन आली तर तो गिलास तसाच परत करतो. "प्यायले नाई मांगितलं, बाई. साधं पानी आना." मग स्टुलावर चढून एसीचं झाकण उघडतो आणि ते पाणी आतल्या ट्रेमध्ये ओततो. पेचकस अजून पिशवीतच असतो. "पयले पानी. पानी चुगली करते," हे त्याचं नेहमीचं वाक्य.

ओतलेलं पाणी नळीतून घराबाहेर पडलं तर ठीक. आत सांडलं तर कुठे आणि का सांडलं ते तो बघत राहतो. यंत्र बिचारं क्वचितच चुकतं, असं त्याचं मत आहे. चुकतो तो माणूस, आणि त्या माणसाला त्याची चूक चारचौघांत सांगितल्याशिवाय गिलासभाऊ काम सुरू करत नाही. सौंसरच्या एका बड्या साहेबांनी नव्या घरात नळी दिसू नये म्हणून ती छताच्या आतून, वर चढवून बाहेर काढली होती. गिलासभाऊनं ओतलेलं सगळं पाणी साहेबांच्या सोफ्यावर आलं. साहेबांचे व्याही तेव्हा तिथेच बसलेले. "साहेब, तुमच्या हुकमानं बाबू लोक वर चढत असतीन. पानी नाई चढत," एवढं बोलून तो छत फोडायला लागला.

बोरगावच्या एका मास्तरीणबाईंकडे नळी तुंबली होती. त्यानं फुंकून ती मोकळी केली आणि आतून निघालेला शेवाळाचा बुळबुळीत गोळा वर्तमानपत्रावर घेऊन जेवणाच्या टेबलावर, मांडलेल्या ताटांच्या मधोमध ठेवला. "हे तुमचंच हाये. सालभर हेच हुंगून राहिले तुमी." बाई दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणतात. हा किस्सा मी शाळेत स्टाफरूममध्ये नकलेसकट सांगायचो आणि सगळे हसून हसून बेजार व्हायचे. दुसऱ्याची फजिती सांगताना माझी वाणी फार रसाळ होते.

मग तो माझ्या घरी आला.

वडिलांना लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुढे मे महिन्यात त्यांना खोलीतला उकाडा सोसवेना म्हणून मी एसी बसवला. सगळ्या गल्लीनं माझं कौतुक केलं. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो, तेव्हा एसीचं पाणी तरी वाया कशाला घालवा, म्हणून मी बाहेरच्या नळीचं टोक एका ड्रममध्ये सोडलं. नीट राहावं म्हणून पार तळापर्यंत खुपसलं. या हुशारीचाही मला अभिमान होता.

काही दिवसांनी सकाळी वडिलांची गादी ओली सापडायला लागली. रोजच. बायको एकदा म्हणाली, "अहो, याले वास नाई येत." मी तिच्यावर खेकसलो. वडिलांना म्हणालो, "बाबा, लहान पोरापेक्षा वाईट झाले तुमी. काई लाज?" ते डाव्या हाताचं बोट वर करायचे. आम्हाला वाटायचं, जामसांवलीच्या मारुतीला आळवताहेत. बायको त्या बोटाकडे बघून हात जोडायची. मी दुपारी चारनंतर त्यांचं पाणी बंद केलं. त्या उन्हाळ्यात. ते तांब्याकडे बघत राहायचे, म्हणून मी तांब्या खोलीतून उचलून नेला. ओल्या चादरी आम्ही ड्रममधल्या पाण्यानं धूत होतो.

गिलासभाऊला मी या ओलीसाठी बोलावलंच नव्हतं. गारवा कमी वाटत होता म्हणून बोलावलं. रविवारची सकाळ होती, एसी नुकताच बंद केला होता आणि ड्रम काठोकाठ भरलेला होता. त्यानं ट्रेमध्ये अर्धा गिलास ओतला. पाणी बाहेर गेलं नाही. ते भिंतीवरून ओघळलं आणि वडिलांच्या कमरेशी, रोजच्याच जागी, टपटप पडू लागलं.

वडिलांचं बोट वर गेलं.

गिलासभाऊ स्टुलावरून त्या बोटाकडे बघत राहिला. "हे बोट कवापासून असं वर करून राहिले?"

"जामसांवलीच्या महाराजांना आळवतात," मी म्हणालो.

"महाराज नाई, सर. एसी दाखवून राहिले तुमाले." तो खाली उतरला, बाहेर जाऊन ड्रम बघून आला. "नळीचं तोंड पान्यात बुडवलं तुमी. पानी जाईन कुठं? वापस आलं." मग वाकून त्यानं वडिलांच्या फुटलेल्या ओठांवरून अंगठा फिरवला. "याईले पानी देत नाई काय?"

बायको रडायला लागली, तेवढं त्याला पुरे झालं. उरलेला अर्धा गिलास त्यानं स्वतःच्या हातानं वडिलांना पाजला, घोट घोट करून. ते घाईघाईनं पीत होते आणि पिता पिता माझ्याकडे चोरून बघत होते, मी गिलास काढून घेईन की काय म्हणून. ती नजर मला आजही सोसत नाही. जाताना गिलासभाऊ एवढंच म्हणाला, "नळीचं तोंड पान्याच्या चार बोटं वर ठेवा," आणि हे मात्र त्यानं अगदी सौम्यपणे सांगितलं.

मी नळी वर केली. तांब्या परत त्यांच्या उशाशी ठेवला. गादी पुन्हा एकदाही ओली झाली नाही. मी रोज माफी मागायचं ठरवायचो आणि रोज त्यांचं अंग पुसून, काही न बोलता खोलीबाहेर पडायचो. अकराव्या दिवशी वडील गेले.

अंगण माणसांनी भरलं. "पोरगा असावा तर असा, बापासाठी एसी लावला," असं लोक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेत होतो. गर्दीत गिलासभाऊ उभा होता. तो आता चारचौघांत बोलणार असं मला वाटलं आणि खरं सांगतो, बापाच्या मरणापेक्षा त्या क्षणी मला त्याचीच जास्त भीती वाटली. वडिलांच्या तोंडात पाणी घालायची वेळ आली. मी चमचाभर घातलं आणि भांडं पुढे द्यायला वळलो, तर भांडं घ्यायला मागे तोच होता.

त्यानं ते घेतलं नाही. माझ्या कानाशी वाकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "अजून द्या, सर. आता गादी ओली नाई होत."